शेफ-आचाऱ्यांचा मेळावा: तारखेपासून हिशेबापर्यंत, क्रमाने

दोनशे नावं असलेल्या संघटनेच्या मेळाव्याला पस्तीस माणसं येतात आणि त्यातली दहा समितीचीच असतात. मग समितीत बोललं जातं, ‘आपल्या लोकांना आवडच नाही.’ नागपुरात बरीच वर्षं हे मेळावे भरवून आणि त्यातले अनेक फसलेले बघून माझी खात्री झाली आहे की दोष आवडीचा नाही, क्रमाचा आहे. आपण आधी प्रमुख पाहुणे ठरवतो. त्यांच्या सोयीने तारीख येते, तारखेला रिकामं असलेलं सभागृह येतं, मग पोस्टर छापलं जातं, आणि चूल कुठे पेटवायची हा प्रश्न आदल्या दिवशी निघतो. हा क्रम उलटा करायचा आहे. आधी वेळ, मग चूल, मग पदार्थ आणि तो करणारा माणूस, मग सूचना. पाहुणे सगळ्यांत शेवटी.

पुढचं सगळं संघटनेच्या सचिवासाठी आणि त्याला हातभार लावणाऱ्या दोन-चार जणांसाठी लिहिलं आहे. साठ ते शंभर माणसांचा, प्रात्यक्षिक असलेला, अर्ध्या दिवसाचा मेळावा डोळ्यांसमोर ठेवला आहे.

## १. मेळाव्याचं काम एका ओळीत लिहा

सभासद घरी जाताना काय घेऊन जाणार, ते एका वाक्यात लिहून काढा. ‘पाककलेविषयी मार्गदर्शन’ हे वाक्य चालणार नाही. ‘सावजी रश्शासाठी मसाला कोणत्या क्रमाने भाजायचा ते बघणे’ हे चालेल. ‘तळणाचं तेल कधी टाकून द्यायचं ते मोजायला शिकणे’ हेही चालेल.

एका मेळाव्याला एकच काम. प्रात्यक्षिक, तीन ज्येष्ठांचा सत्कार, वार्षिक सभा आणि मसाला कंपनीचं सादरीकरण एकाच दुपारी कोंबलं की चार तास जातात, आणि आपल्या माणसाकडे दुपारी मोकळे तासच मुळात तीन असतात. प्रायोजक असेल तर त्याला दहा मिनिटं द्या, तीही प्रात्यक्षिक झाल्यावर. आधी दिली तर दहाची पंचवीस होतात आणि गंज (मोठं पातेलं) थंड पडतो.

## २. दिवस आणि वेळ: इथेच निम्मा मेळावा ठरतो

शनिवार-रविवार इतर सगळ्या व्यवसायांना सोयीचे. आपल्याला तेच दिवस अशक्य. हॉटेलात त्या दोन दिवशी कुणालाही सुटी मिळत नाही आणि लग्नाचा आचारी तर भट्टीसमोरच असतो. सोमवार किंवा मंगळवार धरा. वेळ दुपारी तीन ते पावणेसहा. ब्रेक शिफ्टवाला अडीच-पावणेतीनला सुटतो आणि त्याला साडेसहाला पुन्हा सेक्शनवर, म्हणजे किचनमधल्या आपल्या विभागात, उभं राहायचं असतं. म्हणून पावणेसहाला सभागृह रिकामं झालंच पाहिजे. जो मेळावा सात वाजेपर्यंत चालतो, तो पुढच्या वेळची हजेरी स्वतःच कमी करतो, कारण उशिरा पोहोचलेल्या कॉमीला (शिकाऊ शेफला) जे ऐकून घ्यावं लागतं ते त्याच्या लक्षात राहतं.

आता महिने. हे कोष्टक करण्यासारखं आहे, पण मी सांगतोच:

तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होते. तेव्हापासून थेट उन्हाळ्यापर्यंत केटरिंगवाली मंडळी मुहूर्त बघूनच तुम्हाला हो किंवा नाही म्हणतील. पंचांग उघडा आणि मुहूर्ताचा दिवस, त्याच्या आदला आणि नंतरचा, असे तिन्ही बाद करा. आदल्या दिवशी खरेदी आणि निवडटिपण असतं. नंतरच्या दिवशी माणूस झोपलेला असतो.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. त्या काळात हॉटेलं भरलेली असतात, किचनमध्ये रजा बंद असते. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होईपर्यंत डिसेंबरची तारीख छापू नका.

एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत दुपारी तीनला नागपुरात प्रात्यक्षिक ठेवणं मला मान्य नाही. बाहेर पारा पंचेचाळिशीला आणि आत तीन बर्नर. आपल्याला भट्टीची सवय आहे हे खरं, पण बघणारा माणूस नव्वद मिनिटं बसून असतो. त्या दिवसांत वातानुकूलित प्रशिक्षण किचन मिळालं तरच करा, नाहीतर बिनचुलीचा विषय घ्या.

आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात. केटररसाठी हा खरा मोकळा काळ. मात्र श्रावणात सावजी मटण ठेवून आमची एकदा फजिती झाली आहे. हजेरी बरी होती, पण चाखायला निम्मे लोक पुढे आले नाहीत. श्रावणात पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, ठेवा. तर्रीचं, म्हणजे रश्शावर येणाऱ्या लाल तेलाच्या थराचं, तंत्र तेच आहे आणि सगळे चाखतात. पितृपक्षात सभागृहं सहज आणि स्वस्तात मिळतात, पण श्राद्धाच्या स्वयंपाकाची कामं असलेल्या सभासदांना आधी विचारा.

संत्र्यावर काही करायचं असेल तर तारीख फळाला विचारून ठरवावी लागते. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे भरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. जुलैत संत्र्याच्या मिठाईचं प्रात्यक्षिक लावलं तर डब्यातला रस वापरावा लागेल, आणि ते समोर बसलेल्या हलवायाच्या लगेच लक्षात येईल.

आंतरराष्ट्रीय शेफ दिनाची तारीख मात्र बदलता येत नाही: २० ऑक्टोबर. २०२५ साली तो ऐन दिवाळीत आला. २०२६ मध्ये त्याच दिवशी दसरा आहे, आणि दसरा म्हणजे नागपुरात दीक्षाभूमीवर देशभरातून येणारा जनसागर. वार मंगळवार, म्हणजे एरवी आपल्या सोयीचा, तरीही त्या दिवशी शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला सामान नेणं जमणार नाही. आपल्यातले कितीतरी जण त्या दिवशी दीक्षाभूमीवर येणाऱ्यांच्या भोजनदानाच्या कामात असतात. त्या वर्षी शेफ दिन आठवडाभर आधी किंवा नंतर साजरा करा आणि सूचनेत कारण लिहा. तारखेच्या हट्टापायी रिकाम्या खुर्च्या मांडण्यात काही मान नाही.

तपासा: तारीख पक्की करण्याआधी पाच जणांना फोन करा. एक मोठ्या हॉटेलातला, एक केटरर, एक छोट्या भोजनालयाचा मालक, एक हलवाई किंवा बेकरीवाला, आणि एक वर्धा, भंडारा किंवा उमरेडकडून येणारा. पाचांपैकी तिघांनी ‘जमेल’ म्हटलं तर पुढे जा. ‘बघतो’ म्हणजे नाही.

## ३. जागा बघायची ती चुलीच्या नजरेने

खुर्च्या किती आणि मंच केवढा, हे शेवटी. जागा बघायला जाताना समितीतल्या वक्त्याला नेऊ नका, स्वयंपाक करणाऱ्याला न्या. त्याने या गोष्टी जागेवर बघायच्या:

सिलिंडर आत आणायला परवानगी आहे का? असेल तर लेखी घ्या. वापरायचा तो व्यावसायिक १९ किलोचा. घरून उचलून आणलेला १४.२ किलोचा लाल सिलिंडर अशा कामाला नियमात बसत नाही आणि तपासणी झाली तर संघटना अडचणीत येते. तळघरातलं सभागृह असेल तर गॅसचा विचारच सोडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि तळघरातून बाहेर जायला त्याला वाट नसते.

गॅस नाही म्हणून इंडक्शन घ्यायचं ठरलं तर वीज मोजा. २००० वॉटचं एक इंडक्शन साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतं. एकाच १६ अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून दोन चालवली की साडेसतरा अँपिअर होतात आणि स्विच पडतो. आमच्याकडे एका सभागृहात हेच झालं: दोन इंडक्शन आणि मिक्सर एकाच लाइनीवर होते, माइकही त्याच लाइनीवर. वाटण अर्धवट, आवाज बंद, आणि वायरमन जेवायला गेलेला. वीस मिनिटं गेली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक इंडक्शनला वेगळं १६ अँपिअरचं सॉकेट, आणि माइकला या सगळ्यांपासून वेगळी लाइन, असं लिहूनच घेतो.

पाणी किती लांब आहे? हात धुवायचं बेसिन आणि भांडी धुवायची जागा वेगळी आहे का? खरकटं पाणी जाणार कुठे? सामान उतरवायला मागचं दार आहे का, की चाळीस लिटरचा गंज जिन्याने चढवायचा? छताचे पंखे बर्नरच्या बरोबर वर आहेत का? पंखा चालू ठेवला तर ज्योत हलते, बंद केला तर समोरचे लोक घामाघूम होतात. म्हणून टेबलाची जागा पंखे बघूनच ठरवा.

माझी पसंती नेहमी हॉटेल मॅनेजमेंट शिकवणाऱ्या कॉलेजच्या प्रशिक्षण किचनला असते. चूल, एक्झॉस्ट, सिंक सगळं आहे, आणि विद्यार्थ्यांना बघायला मिळतं. कॉलेजला पत्र किमान महिनाभर आधी द्या, कारण परीक्षांच्या काळात किचन मोकळं नसतं.

सावधान: ‘बाकीचं त्या दिवशी बघून घेऊ’ असं जागेचा मालक म्हणाला तर समजा की त्याने अजून काहीच बघितलेलं नाही.

## ४. पदार्थ आणि तो करणारा

प्रात्यक्षिक करणाऱ्याला बोलवताना नुसतं ‘भाऊ, काहीतरी छान दाखवा’ म्हणू नका. पहिल्या पायरीवर लिहिलेली ओळ त्याला वाचून दाखवा आणि तीन गोष्टी विचारा. किती वेळ लागेल, काय काय लागेल, आणि काय सांगणार नाही.

तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सावजी मसाला घराघराचा असतो. धणे, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं यांची नावं सगळे सांगतात; प्रमाण सांगत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण सूचनेत ‘सावजी मसाल्याचं रहस्य’ असं छापलं आणि उस्तादांनी पुडी घरूनच कुटून आणली तर सभासदांना फसवल्यासारखं वाटतं, उस्तादांचाही अपमान होतो. त्यापेक्षा आधीच ठरवा आणि तसंच छापा: ‘भाजण्याचा क्रम आणि रंग दाखवला जाईल; मसाल्याचं प्रमाण दिलं जाणार नाही.’ असं स्पष्ट लिहिलेल्या कार्यक्रमाला लोक नाराज झालेले मी पाहिले नाहीत.

वेळेचं गणित: प्रात्यक्षिकाला पाऊण ते सव्वा तास. मटण तेवढ्यात शिजून, मुरून, तर्री वर येऊन चाखायला तयार होणार नाही. म्हणून तीन गंज. पहिल्यात समोर सुरुवातीपासून काम होईल. दुसरा मसाला परतून तयार, पुढची पायरी दाखवण्यासाठी. तिसरा पूर्ण शिजलेला, चाखणीसाठी. जे शेफ टीव्हीवर बघून हे शिकले आहेत ते करतात. जुने आचारी करत नाहीत, त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गंज लागतो. त्यांना आदराने आधी समजावून सांगा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गंजाला त्यांचाच माणूस द्या.

चाखणीचा अंदाज मापात करा. ऐंशी माणसांना पाटोडी रस्सा द्यायचा तर माणशी दोन लहान वड्या आणि ५० मिली रस्सा, म्हणजे १६० वड्या आणि ४ लिटर. त्यावर दहा टक्के जास्त. चाखणी म्हणजे जेवण नाही, हे सूचनेतच लिहा, नाहीतर चार वाजता उपाशी आलेला माणूस तीन द्रोण घेतो आणि मागच्या रांगेला काही उरत नाही.

कृतीचा कागद ग्रॅम आणि मिलीमध्ये हवा. ‘दोन पळ्या तेल’ हे आपल्याला कळतं, पण शंभर माणसांची पार्टी काढताना त्याचा उपयोग होत नाही. उस्ताद मापात बोलत नसतील तर रंगीत तालमीच्या दिवशी एका मुलाला वजनकाटा घेऊन शेजारी उभं करा. ते घालतील ते आधी काट्यावर, मग गंजात.

तपासा: रंगीत तालीम झाली का? त्याच चुलीवर, त्याच गंजात, घड्याळ लावून. तालीम न करता केलेलं प्रात्यक्षिक हमखास लांबतं.

## ५. सूचना: पोस्टर नव्हे, निरोप

इथे आपण सगळ्यांत जास्त चुकतो, म्हणून थोडं थांबून बोलतो.

नेहमीचं पोस्टर आठवा. वर चौदा फोटो, मध्ये ‘भव्य स्नेहमेळावा’, खाली पाहुण्यांची पदं, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख. वेळ ‘दुपारी’. ठिकाणाचं नाव आहे, पण कोणत्या दारातून आत जायचं ते नाही. तो फोटो शंभर गटांत जातो आणि तासाभराने इतर फोटोंच्या खाली दबतो. चित्र असल्यामुळे नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही.

म्हणून मूळ सूचना साध्या मजकुरात लिहा. पोस्टर हवंच असेल तर सोबत जोडा. मजकूर असा असावा:

‘मंगळवार, (तारीख). दुपारी ३ ते ५.४५.
पाटोडी रस्सा: तर्री वर आणायची पद्धत, प्रत्यक्ष चुलीवर.
ठिकाण: (जागा), मागच्या फाटकातून प्रवेश, गाड्या आत लावता येतील.
दारं २.३० ला उघडतील. ३ ला गंज चढेल, कुणासाठीही थांबणार नाही.
चाखणी आहे, जेवण नाही.
वर्गणी सभासदांना (रक्कम), इतरांना (रक्कम). जागा ८०.
नाव नोंदवायची शेवटची तारीख: (तारीख). संपर्क: (एक नाव, एकच नंबर).
ॲप्रन आणि वही आणा.’

एवढंच. ‘कुणासाठीही थांबणार नाही’ हे वाक्य लिहिलं की पाळावं लागतं, आणि पहिल्यांदा पाळलं की पुढच्या मेळाव्याला लोक पावणेतीनला येतात.

हाच निरोप हिंदीतही पाठवा. नागपूरच्या हॉटेलांच्या किचनमध्ये उत्तराखंड, बंगाल, ओडिशा, नेपाळकडची पोरं आहेत. कामाची भाषा बऱ्याच ठिकाणी हिंदीच आहे. संघटना त्यांचीही आहे. मराठीचा आग्रह मंचावर जरूर धरा, पण तारीख-वेळ कळली नाही म्हणून कुणी मागे राहू नये.

पाठवायची वेळ: सकाळी दहाला पाठवलेला निरोप कुणी वाचत नाही, त्या वेळी सगळे चिरण्या-कापण्यात असतात. दुपारी साडेतीन-चारला किंवा रात्री अकरानंतर, किचन बंद झाल्यावर पाठवा. पहिला निरोप तीन आठवडे आधी, म्हणजे ड्यूटीचा तक्ता लागण्याआधी पोहोचला पाहिजे. दुसरा आठवडाभर आधी. तिसरा आदल्या रात्री, फक्त वेळ आणि ठिकाण. चौथा पाठवू नका.

काही सभासदांसाठी आणखी एक कागद लागतो: त्यांच्या हॉटेलच्या मुख्य शेफना किंवा मालकांना संघटनेच्या लेटरहेडवर विनंतीपत्र. ‘आपल्या किचनमधील दोन जणांना या दुपारी मोकळीक द्यावी.’ हे पत्र मिळालं की कॉमीला स्वतः रजा मागायला जावं लागत नाही. पत्र चार ओळींचं, पण त्याने येणारी माणसं पोस्टरपेक्षा जास्त.

सावधान: तारीख बदलली तर जुन्या निरोपाला जोडून ‘बदल’ असं लिहू नका. पूर्ण नवा निरोप लिहा आणि पहिल्याच ओळीत ‘आधीची तारीख रद्द’ टाका. अर्धा गट नेहमी जुनाच निरोप पुढे पाठवत असतो.

## ६. नावनोंदणी आणि पैसे

फुकट ठेवू नका. अगदी पन्नास रुपये असले तरी घ्या. पैसे दिलेला माणूस येतो आणि तुम्हाला सामानाचा अंदाज मिळतो. पैसे संघटनेच्या खात्यावर, कुणाच्या खासगी नंबरवर नाही. ज्याच्याकडे नावं नोंदवली जातात त्याच्याकडेच यादी असू द्या. दोन याद्या झाल्या की दारावर भांडण ठरलेलं.

## ७. आदला दिवस

भाजी कळमन्याहून किंवा कॉटन मार्केटमधून पहाटे घ्यायची हे सगळ्यांना माहीत आहे. मी फक्त विसरल्या जाणाऱ्या वस्तू सांगतो: लायटर, रेग्युलेटर आणि त्याचा जादा रबर, झाकणं, ओलं फडकं, कचऱ्याच्या दोन वेगळ्या पिशव्या, हात धुवायचा साबण, पिण्याचं पाणी, जाड अक्षरांचा मार्कर, थर्मामीटर.

सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी आदल्या दिवशी घेऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच, काळी पडते.

थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात घालून बघा, शून्याला यायला हवा. उकळत्या पाण्यात बघत असाल तर शंभराचा हट्ट नको. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आसपासच उकळतं.

तपासा: प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आहे का? ‘समिती’ हे नाव नाही.

## ८. त्या दुपारचा क्रम

१२.३० – सामान उतरतं. सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही. जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून गळती तपासणारा माणूस अजूनही भेटतो. त्याला बाजूला करा.

१.१५ – तिसरा गंज, म्हणजे चाखणीचा, चढतो. उस्ताद स्वतः उभे राहत असतील तर उत्तम.

२.०० – अग्निशामक, झाकण आणि अग्निरोधक चादर बर्नरपासून दोन पावलांवर. तळणाला आग लागली तर पाणी मारायचं नाही, झाकण ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. हे कोण करणार त्याचं नाव आधी ठरलेलं असावं. सेक्शनवर हे सगळ्यांना येतं, मंचावर लोक गोंधळतात.

२.३० – दारं उघडतात. हजेरीवही दारावर, आणि वहीशी बोलका माणूस. नवीन आलेल्या पोराला कुणीतरी नावाने हाक मारली तर तो पुढच्या वेळी परत येतो.

३.०० – गंज चढतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आता नाही. पाहुणे उशिरा येणार असतील तर येऊ द्या, मध्ये बसतील. आम्ही एकदा पाहुण्यांसाठी पन्नास मिनिटं थांबलो. रस्सा पाच वाजता तयार झाला आणि साडेपाचला चाखायला निम्मे लोक उरले होते. बाकीचे ड्यूटीवर निघून गेले. उस्तादांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

४.१५ – प्रश्न. हात वर करायला सांगण्याऐवजी चिठ्ठ्या घ्या. मोठ्या शेफसमोर कॉमी हात वर करत नाही, पण चिठ्ठीवर फार चांगले प्रश्न येतात.

४.४५ – चाखणी. पाच मिनिटांत पाहुण्यांचे दोन शब्द, लोक खात असतानाच.

५.१५ – सत्कार, संघटनेच्या बातम्या, पुढच्या मेळाव्याची तारीख. तारीख तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहा. लोक फोटो काढून घेतात.

५.४५ – दारं बंद. गॅस बंद केला का हे दोघांनी वेगवेगळं बघायचं.

सावधान, चाखणीबाबत: आपण धंद्याने स्वयंपाकी आहोत, म्हणून इथे चूक झाली तर माफी नाही. मटणाच्या तुकड्याच्या आत ७५ अंश. वाढेपर्यंत गंज ६० च्या वर, थंड पदार्थ ५ च्या खाली. यामधल्या तापमानात वाढत ठेवलेला पदार्थ दोन तासांनी टाकून द्यायचा. गोळाभातासारखा भाताचा पदार्थ असेल तर जास्तच काळजी. कोमट राहिलेला भात दिसायला ठीक दिसतो आणि रात्री त्रास देतो. उरलेलं घरी बांधून देऊ नका. फल्लीदाणे (शेंगदाणे), तीळ, खोबरं, दूध ज्यात आहे ते चाखणीच्या टेबलावर पाटी लावून लिहा.

## ९. वार्षिक सभा त्याच दिवशी असेल तर

शक्यतो वेगळी ठेवा. एकत्र ठेवावीच लागली तर सभा चाखणीच्या आधी. चाखणी आधी झाली की गणपूर्ती राहत नाही.

विषयपत्रिका किती दिवस आधी द्यायची आणि गणपूर्ती किती, हे तुमच्या संस्थेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं; ते पान काढून वाचा, मागच्या वेळी काय केलं त्यावर जाऊ नका. सभेची हजेरी मेळाव्याच्या हजेरीपेक्षा वेगळी घ्या, फक्त मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांची. इतिवृत्त लिहिणारा माणूस त्या दिवशी चुलीजवळ नसावा.

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि कार्यकारिणी बदलली, तर फेरफार अहवाल धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यावा लागतो. नवी समिती हारतुरे घेण्यात ते विसरते, आणि मग बँक सह्या बदलून देत नाही. सभेच्याच संध्याकाळी ही तारीख कॅलेंडरवर लिहा.

## १०. नंतरची बातमी

मेळावा संपला की फोटोंचा पूर येतो आणि काम संपल्यासारखं वाटतं. जे आले नाहीत त्यांच्यासाठी खरं काम इथून सुरू होतं. तीन दिवसांत एकच निरोप पाठवा. त्यात कृतीचा कागद, चिठ्ठ्यांतले दोन-तीन चांगले प्रश्न उत्तरांसह, जमा-खर्च शेवटच्या रुपयापर्यंत, पुढची तारीख. फोटो चार, त्यात एक चुलीचा जवळून. कुणाचा फोटो नको असेल तर वापरू नका. काही जण शिफ्ट बदलून आलेले असतात.

दर महिन्याच्या बातम्यांनाही हीच शिस्त लावा. सभासद सगळ्यांत आधी नोकरीची जागा बघतो, म्हणून ती नीट लिहा: कोणतं पद, कोणता सेक्शन, गाव, पगाराचा अंदाज, राहण्याची सोय, साप्ताहिक सुटी. ‘चांगला आचारी पाहिजे, फोन करा’ अशी जाहिरात परत पाठवून माहिती मागवा. परदेशातल्या नोकरीचा निरोप आला तर गटात टाकण्याआधी एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत यादीत आहे का ते बघा; जहाजावरची नोकरी असेल तर नौवहन महानिदेशालयाच्या (डीजी शिपिंग) परवानाधारक एजंटांच्या यादीत बघा. नसेल तर तो निरोप थांबवा, पाठवणारा कितीही ओळखीचा असला तरी. शेत गहाण ठेवून पैसे भरलेल्या पोराला नंतर आपण काय सांगणार?

आजारपण, अपघात, निधन यांची बातमी घरच्यांना विचारूनच द्या, आणि मदत गोळा करायची असेल तर खातं घरच्यांचं की संघटनेचं हे पहिल्याच ओळीत असू द्या.

जमा-खर्चाचा कागद आणि कृतीचा कागद एकाच फाइलमध्ये, तारीख टाकून ठेवा. पुढच्या सचिवाला फाइल देताना त्यातच वर पहिल्या पायरीवरची ती ओळ लिहा, आणि तिच्याखाली किती जण आले तो आकडा, समितीची माणसं वगळून.